वीस लिटरसाठी दहा घागरी

आमच्या लातूरच्या घरात ओट्याच्या कडेला पिण्याच्या पाण्याची एक पांढरी बादली आहे. खाली तोटी, वर गच्च बसणारं झाकण आणि झाकणाच्या मधोमध बोटभर भोक. त्या भोकात मायनं धुवट फडक्याचा बोळा कोंबलाय. आल्यागेल्या पाहुण्यांना ती बादली आवडते. कुठं मिळाली म्हणून विचारतात. माय सांगते, "पोरानं इंग्लंडहून आणली." पुढचं ती सांगत नाही, मीही सांगत नाही. घरात दोन पिढ्यांची माळ आहे, आषाढी चुकत नाही, आणि त्या बादलीत मी तीन वर्षांत मिळून दोन-अडीचशे लिटर बिअर केली आहे.

२०१४ साली नोकरीसाठी डर्बीला गेलो. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, मागं पट्टीएवढं अंगण. शेजारी रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहायचे. त्या भागात ओळखपाळख नसलेल्या माणसालाही 'डक' म्हणतात. बदक! पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या चालण्यावर काही बोलतायत. मग लक्षात आलं, आपल्याकडं मोंढ्यात कुणालाही 'मामा' म्हणतात, तसलाच प्रकार. आजोबांच्या अंगणातल्या लाकडी खोपटातून दर पंधरवड्याला भाजलेल्या धान्याचा वास यायचा. भट्टीवर फुटाणे भाजताना येतो त्याच्या जवळपासचा, पण गोडसर. त्या वासामागं मी एका शनिवारी कुंपणापर्यंत गेलो आणि तिथंच अडकलो.

सुरुवातीला काय काय लागतं, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी विजेच्या बिलाच्या पाकिटामागं यादी करून दिली. मोठं पातेलं. झाकणाची बादली. एअरलॉक. सायफनची नळी. थर्मामीटर. हायड्रोमीटर. बाटल्या, बुचं, बूच दाबायचं यंत्र. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित करून, निर्जंतुक करायचं औषध. पातेलं सोडलं तर सगळं मिळून पन्नास पौंडांच्या आत बसलं. मला वाटलं होतं, तांब्याची भांडी, वळणावळणाच्या नळ्या, धूर! तो माझा हातभट्टीशी झालेला घोटाळा होता. हातभट्टीत आंबलेलं पाणी तापवून त्याची वाफ पकडतात. बिअरमध्ये वाफ पकडायचीच नसते. धान्य भिजवायचं, उकळायचं, निववायचं, विरजण लावायचं आणि गप्प बसायचं, एवढाच कारभार.

यादीतली एकेक गोष्ट मला लातूरच्या कुठल्या ना कुठल्या दुकानात दिसायला लागली. पातेलं तीस लिटरचं हवं, कारण वीस लिटर उकळताना फेस वर येतो. उतू गेलं की चुलीचं काय होतं ते दूध तापवणाऱ्या कुठल्याही घराला माहीत आहे. सायफनची नळी म्हणजे बॅरलमधून रॉकेल काढायची नळी, फक्त तोंडानं ओढायची नाही, तोंडातले जंतू त्यात जातात. बूच दाबायचं यंत्र पूर्वी सोड्याच्या गाड्यांवर असायचंच. बाटल्या तपकिरी घ्याव्या लागतात, कारण उजेड लागला की हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू द्रव्यातून एक भयंकर वास तयार होतो. वीस लिटरला अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या. विकत कशाला घ्यायच्या? आजोबांनी गल्लीत शब्द टाकला आणि महिन्याभरात त्या दारात जमल्या. आतली बुरशी घासताना मात्र मला आपले रद्दीवाले फार आठवले.

बादलीचा एकच नियम. आतून ओरखडा नको. तारेची घासणी लावली की संपलं, त्या बारीक चरांत जंतू घर करतात आणि मग कितीही धुवा. मायला हे सांगायला मला फार त्रास झाला; तिच्या मते न घासलेलं भांडं म्हणजे खरकटं भांडं.

एअरलॉक ही चीज मात्र मला कधीच फार महत्त्वाची वाटली नाही. झाकणाच्या भोकात बसवलेल्या वाकड्या नळीत थोडं पाणी असतं, आतला वायू बुडबुडे काढत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. नवखा माणूस तासन् तास त्यापुढं बसतो. मीही बसलो. पण झाकण जरा सैल असलं की वायू कडेनं निघून जातो आणि बुडबुडे येतच नाहीत. आपण मात्र घरात सुतक धरून बसायचं. खरी खबर देतो तो हायड्रोमीटर. काचेची भिंगरीसारखी नळी, खाली वजन, वर आकडे. पाण्यात १.००० दाखवते. साखर विरघळलेल्या रसात वर तरंगते. माझ्या पहिल्या घाण्यात सुरुवातीला १.०४८ होता, यीस्टनं, म्हणजे बिअरच्या विरजणानं, साखर खाल्ल्यावर १.०१० वर यायला हवा. मधल्या फरकाला १३१नं गुणलं की मद्याचे टक्के निघतात, इथं पाचाच्या आसपास. आमच्या गावच्या डेअरीत लॅक्टोमीटर असायचा, तो याचाच चुलतभाऊ. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी तपासणारा पोरगा वापरतो तोही.

मी तो पहिल्या खेपेला नीट वाचला नाही. दहा दिवस झाले, बुडबुडे थांबले, झालं असेल म्हणून भरल्या बाटल्या. लिटरला सहा ग्रॅमप्रमाणे साखर टाकली, ती बाटलीत फसफस यावी म्हणून टाकतातच. नंतर वहीत बघतो तर शेवटचा आकडा १.०१८. म्हणजे आधीचीच साखर शिल्लक, वर ही. आठव्या रात्री जिन्याखालून आवाज आला. मग दुसरा. मी फटाके समजून परत झोपलो. सकाळी जिन्याखालचं कपाट उघडलं तर काचा आणि चिकटा. आजोबांनी जाड हातमोजे, जाड कोट आणि डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा चढवून उरलेल्या बाटल्या एकेक करून बाहेर नेल्या, बुचं सैल केली. रागावले नाहीत. पाकिटावरच्या यादीत 'हायड्रोमीटर'खाली एक रेघ ओढून परत दिली.

कायद्याची गोष्ट इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणी हे वाचून उत्साहात बादली आणायला नको. इंग्लंडात १८८० पासून घरच्या बिअरलाही परवाना लागायचा. १९६३ साली ती अट गेली आणि स्वतःच्या घरापुरती करायला मोकळीक झाली. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर गाळणं गुन्हा आहे, घरी पिण्यापुरती का असेना. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून सुटलेला. निजामाच्या आबकारीला शिंदीचं आणि मोहाच्या दारूचं वावडं नव्हतं, उलट ते उत्पन्नाचं मोठं साधन होतं. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो. लहानपणी पेपरात दर आठवड्याला बातमी असायची : तांड्यावर छापा, इतके लिटर गूळमिश्रित रसायन नष्ट. रसायन! कित्येक वर्षं मला वाटायचं ते काही तरी प्रयोगशाळेतलं असतं. डर्बीत बादलीचं झाकण उघडून आत डोकावलो तेव्हा पहिला शब्द तोच आठवला.

आता धान्य. बिअरचं धान्य म्हणजे जव, आपण सातू म्हणतो ते. पण कोरडा दाणा उकळून गोडवा येत नाही, आधी माल्ट करावं लागतं. दाणे भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड जरा बाहेर आले की गरम हवेत वाळवून तिथल्या तिथं थांबवायचे. बाळासाठी मोड आणलेल्या नाचणीचं पीठ करणाऱ्या बाईला हे शिकवायची गरज नाही. आजोबा मात्र मन लावून समजावत होते. दाण्याला पाणी लागलं की त्याला वाटतं पाऊस झाला, आता उगवायचं. मग तो आतलं पिठाचं कोठार फोडायची हत्यारं तयार करतो. एवढ्यात आपण पाणी तोडतो. दाणा मरतो, हत्यारं शिल्लक राहतात. नंतर तेच भरडून पासष्ट-सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की ती हत्यारं पिठाची साखर करून देतात. यादीतला थर्मामीटर त्याचसाठी. पाणी पार उकळतं असलं तर हत्यारंही शिजून जातात.

ते हे सांगत असताना मी भलतीकडंच गेलो होतो. मृगात एक सर पडते, माणसं पेरून मोकळी होतात, सोयाबीनला मोड येतात आणि पाऊस गडप होतो. रानात बोटानं माती उकरून बघायची. आत दाणा फुटलेला असतो, मोड बाहेर येऊन वाळलेला. आमच्याकडं त्यापुढचा शब्द आहे दुबार पेरणी. मी आजोबांना एवढंच म्हटलं की आमच्याकडं हे दर चार-पाच वर्षांनी आपोआप होतं. त्यांना विनोद वाटला. मीही हसलो.

आमचं धान्य कुठलं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं ज्वारी. तेव्हा कळलं की आफ्रिकेत ज्वारीची बिअर घरोघर करतात, आणि नायजेरियानं १९८८ पासून परदेशी जव बंद केल्यावर तिथल्या मोठमोठ्या कारखान्यांनाही ज्वारीकडं वळावं लागलं. ज्वारीला मोड आणले तर ते कोंब वाळवून चोळून काढावे लागतात. त्यांत विषारी द्रव्य असतं. कोवळ्या ज्वारीत गुरं सोडत नाहीत, ते यासाठीच. आमच्या आबांना यातलं रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण पोंग्यातल्या ज्वारीत बैल शिरला की ते हातातलं ताट टाकून धावायचे.

यादीतलं सगळं जमलं आणि पहिल्यांदा घाणा लावला त्या दिवशी मला कळलं की पाकिटावर एक गोष्ट लिहायची राहिलीय. पाणी. आजोबांची चूक नव्हती. नळ उघडला की जे येतं, ते कुणी यादीत लिहीत नाही. भिजवायला आणि धान्य धुवून घ्यायला तीस लिटर. पाच किलो धान्यच त्यातलं पाचेक लिटर पिऊन बसतं, काही वाफेनं जातं. बादली, नळ्या, चाळीस बाटल्या धुवायला निदान चाळीस लिटर. आणि मग निववणं. उकळलेला रस लवकरात लवकर वीस अंशांवर आणावा लागतो, कोमट राहिला की नको ते जंतू आधी पंगतीला बसतात. त्यासाठी पातेल्यात तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडतात आणि नळाचं गार पाणी त्यातून सोडत राहतात. अर्धा तास. ते पाणी दुसऱ्या टोकानं थेट मोरीत.

मला ते बघवेना. मी घरात होत्या नव्हत्या तेवढ्या बादल्या रांगेत लावल्या आणि मोरीत जाणारं टोक उचलून त्यांत धरलं. ऐंशी लिटर भरलं. पहिलं पाणी कढत, त्यात बाटल्या धुतल्या. मधल्यात कपडे. शेवटचं अंगणातल्या झाडांना. मनातल्या मनात हिशोब केला तर वीस लिटर बिअरला दीडशे लिटर पाणी, म्हणजे आमच्या मापानं दहा घागरी. दहा घागरींत आमच्या घरचे दोन दिवस निघायचे. आजोबा कुंपणावरून बघत होते. पुढच्या खेपेला त्यांच्याही खोपटाबाहेर दोन बादल्या दिसल्या.

पाण्याचंच वेड लागलं म्हणून त्यांनी एका रविवारी मला बर्टनला नेलं, डर्बीहून अर्ध्या तासाच्या आत. एकोणिसाव्या शतकात या लहानशा गावात तीसेक ब्रुअऱ्या होत्या, इथली फिकट रंगाची बिअर जहाजांतून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठीही यायची. कारण काय, तर विहिरींचं पाणी. जमिनीतल्या जिप्समच्या थरांतून आलेलं, अतिशय जड. त्या जडपणानं हॉप्सचा कडवटपणा खुलतो. दुसरीकडच्या ब्रुअऱ्या आजही आपल्या पाण्यात जिप्सम घालतात, आणि या उद्योगाला गावाच्या नावावरून क्रियापदच आहे, बर्टनाइझ करणं. चेक देशातल्या पिल्सन शहराचं पाणी हलकं म्हणून तिथली बिअर वेगळी. डब्लिनच्या पाण्यात चुनखडी, म्हणून तिथं काळी स्टाउट. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हंड्याला आतून पांढरा पापुद्रा धरतो, सोयरिकीला आलेली माणसं घोट घेऊन पेला खाली ठेवतात. जड पाण्यावरून कुणाचं नाव होतं, ही कल्पनाच मला नवी होती.

मग २०१६ उजाडलं. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली. भाऊ फोनवर नळाचं बोलतच नव्हता, टँकरचं बोलत होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. पेपरात एक बारकी गोष्ट होती, बहुतेकांनी सोडून दिली असेल : त्या वाघिणी आधी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात वाफेनं धुऊन काढल्या होत्या. मला पाकिटावरची दोनदा अधोरेखित केलेली ओळ आठवली. पहिल्यांदाच वाटलं की या छंदातलं मला लागू पडेल असं काही तरी घरी घडतंय, आणि ते असं घडतंय.

त्याच महिन्यात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बिअर कारखान्यांच्या पाण्यावरून रण पेटलं. जायकवाडीचं पाणी वाळूजच्या कारखान्यांना का, आणि माणसांना का नाही? एप्रिलअखेर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्यानं साठ टक्क्यांपर्यंत कपात केली. काहींनी मान डोलावली, काही म्हणाले की शेतीत, त्यातून उसात, जाणाऱ्या पाण्यापुढं हे किस झाड की पत्ती. दुसरं म्हणणं हिशोबानं बरोबर होतं. पण रिकामा हंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हिशोब सांगायला फार जाड कातडी लागते. माझ्या स्वयंपाकघरात तेव्हा पाच किलो माल्टची पिशवी पडून होती. डर्बीत बाहेर पाऊस चालू, नळाला चोवीस तास पाणी. मी घाणा लावला नाही तर लातूरला एक तांब्याही जास्त पोचणार नव्हता, हे कळत होतं. तरी दोन महिने पिशवी उघडली नाही. माल्टला शेवटी पोरकिडे लागले आणि ते आजोबांच्या बहिणीच्या कोंबड्यांनी खाल्लं.

मायला या सगळ्यातलं किती कळलं होतं, देव जाणे. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मागं शेगडीवर पातेलं उकळत होतं.

"येवढ्या मोट्या पातेल्यात काय शिजवलालास रे?"

"धान्य हाय माय. मोड आणलेलं."

"कुरडया घालतूस व्हय?"

मी हो म्हटलं. पूर्ण खोटं नव्हतं. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आंबूस वास सुटला की वाटायचं, निवळी ओतून चीक शिजवायचा. वास नाकाला पटला की तिचं भिजवण झालेलं असतं, त्याला हायड्रोमीटर लागत नाही. तिनं बराच वेळ पातेल्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हालवत ऱ्हा. खाली लागंल."

२०१७ मध्ये परत आलो. एअरलॉक तिथंच दिला, बूच दाबायचं यंत्रही. बादली, पातेलं, नळी, थर्मामीटर आणि हायड्रोमीटर सामानात आले. इथं त्यांचं मूळ काम करायला कायद्याची परवानगी नाही, घराची त्याहून नाही, आणि मे महिन्यात बेचाळीस अंशांत एल प्रकारच्या बिअरचं यीस्ट काय गोंधळ घालेल ते सांगायला नकोच. त्याला अठरा ते बावीस लागतं. पण सामान वाया गेलं नाही. तीस लिटरच्या पातेल्यात आता गल्लीतल्या चार घरांच्या कुरडयांचा चीक शिजतो. नळीनं हौदातलं पाणी टाकीत येतं. थर्मामीटर भावाच्या पोरानं फोडला.

हायड्रोमीटर मायनं स्वतःकडं घेतला. मी एकदा बोलून गेलो होतो की गाईच्या चांगल्या दुधात हा १.०२८ ते १.०३२ दाखवतो, पाणी घातलं की खाली येतो. २०१९ च्या उन्हाळ्यात, पुन्हा टँकर चालू असताना, तिनं एका सकाळी दूधवाल्याला दारातच थांबवलं. उंच पेल्यात दूध ओतलं आणि नळी सोडली. मला हाक मारली. १.०२६.

"बग," ती म्हणाली.

धारोष्ण दूध होतं, गरम दुधात आकडा कमी येतो, हे मी सांगेपर्यंत दूधवाला किटली खाली ठेवून त्या तरंगणाऱ्या काचेकडं बघत होता. मग मायकडं बघून म्हणाला, "पाणी कुठाय मावशी, दुधात घालाया?"

दूध निवल्यावर परत मोजलं. १.०३०. तोवर तो तिसऱ्या गल्लीत गेला होता. दुसऱ्या दिवशी मायनं त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि त्या पांढऱ्या बादलीची तोटी सोडून आधी तांब्याभर पाणी.